आई शेजारी झोपते, कॉम्प्युटर गप्प हवा

प्रश्न : ताई, डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे. हॉलमध्येच माझं टेबल आणि त्याला लागून आईचा दिवाण. मी शिफ्टवरून रात्री अकराला येतो आणि तासभर गेम खेळतो. जुन्या कॉम्प्युटरच्या घरघरीनं आईची झोपमोड होते. ती बोलत नाही, पण कूस बदलते ते कळतं. आता नवीन असेंबल करतोय. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी आणि ग्राफिक कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, एवढं पक्कं आहे. दुकानदार म्हणतो, ३६० एमएमचं लिक्विड कूलिंग, १००० वॉटचा एसएमपीएस आणि समोर काच असलेलं सहा आरजीबी पंख्यांचं कॅबिनेट घे, आवाजच येणार नाही. घेऊ का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नको घेऊस. दुकानदार तुला फसवतोय असं नाही, पण त्याची यादी बाकावर मांडून दाखवायची आहे आणि तुला कॉम्प्युटर दिवाणाशेजारी ठेवायचा आहे.

आधी एक सांग, तुमच्या हॉलमधला छताचा पंखा रात्रभर चालतो ना? तो चांगला आवाज करतो. तरी आई झोपते. आणि मे महिन्यात रात्री दोनला लाइट गेली की अख्खी बिल्डिंग जागी होते. उकाडा जाणवायला अजून पाच मिनिटं असतात, पण पंखा थांबल्याथांबल्या डोळा उघडतो. माणसाला जागं करतो तो आवाजातला बदल. तुझा जुना कॉम्प्युटर आईला उठवतो तो बहुतेक मोठ्या आवाजामुळे नाही. गेम लोड झाला की पंखे एकदम चढतात, मेनूत आलास की उतरतात, परत चढतात, म्हणून ती उठते. तेव्हा सगळ्या वस्तू अशा निवडायच्या की पंख्यांना वेग बदलायची गरजच कमीत कमी पडावी.

आता हिशेब. ४०७० सुपरची मर्यादा २२० वॉट. ७८००एक्स३डी गेममध्ये साधारण ६० ते ८० वॉट खातो. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून आणखी ४०-५० धर. झाले साडेतीनशे. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन तुमच्या हॉलमध्येच येते, म्हणजे जुने शंभरचे साडेतीन पिवळे बल्ब दिवाणाशेजारी लावल्यासारखं. ती उष्णता खोक्याबाहेर काढायची, तीही हळू फिरणाऱ्या पंख्यांनी. काम एवढंच आहे.

प्रोसेसरपासून सुरू करू, कारण लोक सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया घालवतात. ७८००एक्स३डीचं तापमान चटकन ८० वर जातं आणि लोक घाबरतात. त्याची मर्यादा ८९ अंश आहे. तो तापतो तो खूप वीज खातो म्हणून नाही. उष्णता अगदी छोट्या तुकड्यातून येते आणि या पिढीत त्या तुकड्याच्या डोक्यावर जास्तीच्या कॅशचा, म्हणजे हाताशी ठेवलेल्या जलद मेमरीचा, थर बसवलेला आहे. तवा मोठा घेतला म्हणून मधल्या इंचाएवढ्या जागेची आच कमी होत नाही. त्यामुळे लिक्विड कूलिंगचा ३६०चा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) लावून तुला फार तर दोन-चार अंश मिळतील आणि बरोबर एक पंप मिळेल, जो चोवीस तास चालतो. दोन टॉवरचा हवेवरचा हीटसिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूच्या पात्यांचा ठोकळा, घे. थर्मलराइटचा पिअरलेस असॅसिन १२० एसई मी बऱ्याच जणांना बसवून दिलाय. सहा हीटपाइप, १२० एमएमचे दोन पंखे, किंमत लिक्विडच्या निम्म्याहून कमी. उंची १५५ एमएम आहे, तेव्हा कॅबिनेटच्या माहितीत कूलरसाठी किती उंची दिली आहे ते आधी बघ. काचेचं झाकण बंदच होत नाही म्हणून डोकं धरून बसलेली गिऱ्हाइकं माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी एक तरी येतं. नॉक्टुआ कंपनीचा कूलर आणखी शांत आहे, मान्य. पण त्या फरकाचे पैसे मी ग्राफिक कार्डाच्या चांगल्या मॉडेलवर घालीन. तुझ्या खोक्यात खरी भट्टी ती आहे.

कार्ड तीन पंख्यांचं, जाड हीटसिंकचं घे. मग त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आण. २२०चे १७६ वॉट झाले. मी माझ्या बाकावर हे करून स्वतः खेळून बघितलंय, डोळ्यांना फरक सांगता येत नाही, कानांना येतो. शिवाय मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर सेकंदाला बनणारी चित्रं, म्हणजे फ्रेम, १४० वर बांधून टाक. न दिसणाऱ्या फ्रेम बनवायला कार्डाला राबवून काय मिळणार?

एसएमपीएस, म्हणजे भिंतीतली वीज आतल्या भागांना पुरवणारा डबा. इथे जरा रेंगाळते, कारण हा माझा घरचा विषय. माझे वडील सांगलीत मोटर वाइंडिंग करायचे. दुरुस्तीला आलेली मोटर ते आधी नुसती चालू करून ऐकायचे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या जागी टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटून. आम्हा पोरींना तेव्हा हसू यायचं. आज मी कॉम्प्युटरवर तेच करते, फक्त स्क्रू ड्रायव्हरऐवजी स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या रोलची पुठ्ठ्याची नळी वापरते, कारण इथे लोखंड घेऊन आत डोकवायचं नाही. नळी कानाला लावून एकेका पंख्यापाशी नेली की चोर सापडतो. आणि मध्यम किमतीच्या कॉम्प्युटरमध्ये तो बरेचदा खाली कोपऱ्यात, एसएमपीएसमध्ये बसलेला असतो. त्याच्या पंख्याचा वेग मदरबोर्डच्या हातात नसतो, त्यामुळे नंतर सेटिंग करून तो सहसा गप्प होत नाही. तो घेतानाच नीट घ्यावा लागतो.

तुझ्या साडेतीनशे वॉटला ७५०चा एसएमपीएस पुष्कळ झाला, एनव्हिडिया तर या कार्डाला ६५०च सांगते. ग्राफिक कार्ड क्षणभर दुप्पट वीज ओढतं हे खरं. पण एटीएक्स ३.० किंवा ३.१ असं लिहिलेल्या एसएमपीएसला असे झटके सोसायचेच असतात, तो त्या नियमाचाच भाग आहे. १००० वॉटचा चांगला एसएमपीएसही गप्पच राहील, नाही म्हणत नाही. फक्त त्या वॉटना तुझ्या घरात काम नाही.

वॉटपेक्षा वाया जाणारी वीज बघ. ८५ टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस साडेतीनशे द्यायला भिंतीतून सुमारे ४१२ वॉट घेतो, म्हणजे ६२ वॉट त्याच्या पोटातच तापतात. ९० टक्क्यांचा ३८९ घेतो, पोटात ३९. हे तेवीस वॉट त्याच्या पंख्याला फिरवतात किंवा झोपू देतात. म्हणून ८० प्लस गोल्ड घे. पण त्या सोनेरी शिक्क्यावरून आवाज कळत नाही, २००४ साली सुरू झालेली ती योजना फक्त वीज मोजते. आवाजासाठी सायप्रसमधल्या सायबेनेटिक्स या प्रयोगशाळेचा लॅम्डा शेरा शोध. ए प्लस प्लस म्हणजे १५ डेसिबलच्या आत, ए प्लस म्हणजे १५ ते २०, नुसता ए म्हणजे २० ते २५. तुला ए किंवा त्याच्या वरचा हवा. मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघ, कारण एकाच मालिकेतल्या ६५० आणि ७५० वॉटचे शेरे वेगळे असू शकतात.

एक खोच. बऱ्याच एसएमपीएसमध्ये कमी लोडला पंखा पूर्ण बंद ठेवायची सोय असते. ऐकायला छान. पण लोड नेमका त्या सीमेवर असला तर पंखा दर दोन मिनिटांनी टक् करून सुरू होतो, बंद होतो. लाइट गेल्यासारखंच, उलट सुलट. मागे त्यासाठी बटण असेल तर बंद करून पंखा सतत अगदी सावकाश फिरू दे. कॅबिनेट जमिनीवर ठेवणार असशील तर खाली गादी, चादर, सतरंजी काही नको. एसएमपीएस खालून हवा घेतो.

कार्डाचा नवा बारीक बारा पिनांचा प्लग असेल तर तो टक्क बसेपर्यंत दाब आणि वायर तोंडापाशीच वाकवू नकोस. २०२२ साली ४०९० कार्डांचे प्लग वितळल्याच्या बातम्या आल्या होत्या. अर्धवट बसलेला प्लग हे त्यातलं एक मोठं कारण निघालं. तुझं कार्ड त्याच्या निम्मीच वीज घेतं, पण सवय चांगली.

आता कॅबिनेट. समोर काच म्हणजे नाक दाबून पळायला सांगण्यासारखं. आतले पंखे हवेसाठी धापा टाकतात आणि ती धाप तुला ऐकू येते. समोर जाळी असलेलं घे. जाळीतून आवाज बाहेर येईल अशी भीती वाटते, पण मुळात आवाज होऊ द्यायचा नाहीये. पुढे १४० एमएमचे दोन, मागे एक, बस. पंख्याचा वेग २० टक्के उतरवला की आवाज सुमारे ५ डेसिबल उतरतो, निम्मा केला तर १५. आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. हवा मात्र वेगाच्याच प्रमाणात कमी होते, त्याहून जास्त नाही. मोठा पंखा सावकाश फिरवण्यात फायदा आहे तो असा. ७०० ते ९०० फेऱ्यांवर हे तिन्ही ठेवलेस तर छताच्या पंख्यापुढे ते ऐकू येणार नाहीत.

गेल्या पावसाळ्यात एका मुलीचा कॉम्प्युटर आला. पंखे चांगले, नवे, मंद. तरी तक्रार अशी की रात्री 'कोणीतरी कण्हतंय'. दुकानात गर्दीच्या आवाजात काहीच कळेना. शटर ओढल्यावर नळी लावली. पुढचे दोन पंखे नऊ पात्यांचे, एक मिनिटाला १२०० फेरे, दुसरा १२१०. पात्यांनी हवा कापली जाते त्याचा सूर पहिल्याचा १८० हर्ट्झ, दुसऱ्याचा १८१.५. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित उतरल्या की जशी लाट येते, तशी इथे सेकंदाला दीड लाट. वाँव, वाँव, वाँव. एक पंखा दीडशे फेऱ्यांनी उतरवला आणि कण्हणं थांबलं. नवीन काही विकावं लागलं नाही. धंद्याच्या दृष्टीनं वाईट संध्याकाळ.

शेवटचं काम बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये. रायझनचं तापमान ब्राउझर उघडला तरी क्षणात पंधरा अंश उडी मारतं आणि पंखा त्याच्यामागे धावतो. प्रोसेसरच्या पंख्याचा आलेख (किती तापमानाला किती वेग) ७० अंशांपर्यंत सपाट ठेव, तिथून हळू चढू दे, आणि स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग अशा नावाचं जे सेटिंग असेल ते मोठ्यात मोठं कर. क्षणभराच्या उडीकडे पंख्यानं लक्षच द्यायचं नाही. कॅबिनेटच्या पंख्यांना तर आलेख नकोच, एकच वेग बांधून टाक.

आणि हो, कीबोर्ड कुठला आहे तुझा? कोथरूडच्या एका घरी मी याच कामासाठी तीन खेपा घातल्या, दोन पंखे बदलले. तिसऱ्या खेपेला आजी म्हणाल्या, "पंख्याचं काही नाही गं बाई, ते टाइपरायटर बंद कर." निळ्या स्विचचा मेकॅनिकल कीबोर्ड होता.

प्रश्न : आमच्याकडे नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५ वर जातो, म्हणून मुलासाठी मुद्दाम वॉटर कूलिंग घेतलं. तरी तापमान चढतं. आता दोन वर्षांनी आतून गुडगुड आवाज येतो. पाणी कमी झालं असेल तर वरून भरता येईल का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : तुमच्या खिडकीतल्या कूलरमुळे हा गैरसमज होतो, आणि विदर्भातून येणाऱ्या पत्रांमध्ये तो नेहमी असतो. खिडकीतला कूलर हवा गार करतो, कारण त्यात पाणी उडून जातं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. कॉम्प्युटरचं वॉटर कूलिंग सीलबंद असतं. त्यातलं पाणी फक्त हमाल आहे, प्रोसेसरकडची उष्णता उचलून रेडिएटरपर्यंत नेतं. रेडिएटर गार होतो तो खोलीतल्या हवेनं. खोलीत ४० असेल तर आतलं पाणी ४० च्या वरच राहणार, कितीही महागडं घेतलं तरी. चांगला हवेवरचा हीटसिंकही त्याच हवेवर चालतो. उन्हाळ्यात दुपारी खोलीतला कूलर आधी लावा, त्याचा झोत मात्र थेट कॅबिनेटवर नको, तुषार आत जातात.

गुडगुड ही पाण्यातल्या हवेची आहे. वर्षं जातील तसं रबरी नळ्यांतून थोडं थोडं पाणी झिरपून उडतं आणि त्याची जागा हवा घेते. हवा वर जाते. पंप सगळ्यात उंच जागी असेल तर ती पंपातच जाऊन बसते, आवाज करते आणि पंपाचं आयुष्य कमी करते. झाकण काढून बघा. रेडिएटरचं वरचं टोक पंपापेक्षा उंच असलंच पाहिजे. छताला लावलेला असेल तर उत्तम. पुढे उभा असेल तर वरची कड पंपाच्या वर हवी. जागा बदलून कॉम्प्युटर चालू ठेवा आणि हलक्या हातानं थोडा पुढेमागे कलता करा, बुडबुडे रेडिएटरकडे निघून जातात. भरायला म्हणून सील उघडू नका, वॉरंटी जाईल आणि बहुतेक पाणीही मदरबोर्डवर जाईल. आठवडाभरात गुडगुड परत आली तर वॉरंटीत द्या.

रेडिएटरच्या पात्यांमध्ये धुळीची गोधडी तयार झाली असेल तीही ब्रशनं काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

प्रश्न : रत्नागिरीजवळ गावात राहतो. लाइट फार जाते. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर गेला की एसएमपीएस भुणभुणतो, आणि गेम चालू असेल तर बंदच पडतो. शिवाय कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. एसएमपीएस खराब आहे का?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मुंग्यांचं आधी, बाकी सगळं नंतर. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेला फिल्टर थोडा करंट अर्थिंगकडे सोडत असतो. घरात अर्थिंग नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अॅडाप्टर लावला असेल, तर तो करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर थांबतो आणि तुमच्या बोटातून वाट काढतो. एसएमपीएस बदलून हे जाणार नाही. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासा. कोकणात पावसाळ्यानंतर अर्थिंगची पट्टी गंजलेली सापडते, वरून मात्र सगळं ठीक दिसतं. तोवर ओल्या हातानं किंवा अनवाणी कॉम्प्युटरला हात लावू नका.

भुणभुण इन्व्हर्टरच्या विजेमुळे. स्वस्त इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. आजचे चांगले एसएमपीएस येणाऱ्या लहरीच्या आकाराप्रमाणे वीज ओढायला बनवलेले असतात, त्यांना कोपरे असलेली लहर मानवत नाही. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर किंवा यूपीएस लागेल. आणि गेममध्ये बंद पडतो तो बहुधा तोकडेपणानं. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॉटच्या आसपास देतो. वरच्या डोंबिवलीच्या कॉम्प्युटरला मॉनिटर जोडला की तो संपला. तुमच्याकडे कार्ड कोणतं ते लिहिलेलं नाही, पण यूपीएस घेताना व्हीए वाचू नका, वॉट वाचा.

प्रश्न : गेमच्या मेनूमध्ये असलं की ग्राफिक कार्डातून रातकिड्यासारखी किर्रर्र येते. प्रत्यक्ष खेळताना कमी होते. कार्ड उडणार का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : नाही उडणार. मेनूत काम कमी असतं म्हणून कार्ड सेकंदाला हजार-दोन हजार फ्रेम काढत सुटतं आणि त्या तालावर त्याच्या कॉइल, म्हणजे आतली तारेची वेटोळी, थरथरतात. ड्रायव्हरमध्ये फ्रेमची मर्यादा बांधा, बहुतेक वेळा तिथेच किर्र थांबते.

प्रश्न : जुन्या बाजारात गोल्ड एसएमपीएस अर्ध्या किमतीत मिळतोय. पंख्याचा थोडा आवाज आहे. उघडून पंखा बदलून घेऊ का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नाही. आतला मोठा कपॅसिटर चारशे व्होल्टच्या आसपास चार्ज झालेला असतो आणि प्लग काढल्यावरही तो तसाच राहू शकतो. आमच्या घरात तीन पिढ्या विजेचं काम आहे आणि वडिलांच्या उजव्या तर्जनीचं टोक शेवटपर्यंत बधिर होतं. जुना मॉनिटर घे, जुनं कॅबिनेट घे, एसएमपीएस नवा घे.